वायर नसलेली इलेक्ट्रिक गिटार

चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, एडी कॉक्रन. रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतल्या या मंडळींच्या कृष्णधवल चित्रफिती इंटरनेटवर सहज सापडतात. त्या लक्ष देऊन पाहिल्या की काही गोष्टी खटकायला लागतात. गिटार इलेक्ट्रिक असते, पण अनेकदा तिला वायरच जोडलेली नसते. गायकापुढे माइक दिसत नाही, तरी आवाज मात्र बंद स्टुडिओत मुद्रित केल्यासारखा स्वच्छ येतो. कॅमेरा फारसा हलत नाही. मध्येच इस्त्रीच्या कपड्यांतली दहा-बारा मुलंमुली टाळ्या वाजवताना दिसतात, पण ती आणि गायक एका चौकटीत क्वचितच येतात. गाणं संपतं आणि भलतंच काहीतरी सुरू होतं: कुणाचे तरी वडील रागावतात, कुणाचं तरी प्रेम रुसतं.

या बहुतेक फिती १९५६ ते १९५९ या चार वर्षांत अमेरिकेत निघालेल्या स्वस्त चित्रपटांतल्या आहेत. किशोरवयीन मुलांसाठी आठवड्या-दोन आठवड्यांत उरकलेले, समीक्षकांनी झिडकारलेले हे चित्रपट. मग विसाव्या शतकाच्या संगीताला वळण देणाऱ्या माणसांच्या तारुण्यातल्या हालचाली नेमक्या यांच्यातच कशा टिकून राहिल्या? याचं उत्तर त्यांच्या स्वस्तपणात आहे. पैसे आणि वेळ दोन्ही कमी असल्यामुळे या निर्मात्यांनी जे केलं, तेच आज आपल्या कामाला आलं आहे.

एका गाण्याने उघडलेलं दार

बिल हेली आणि त्याच्या कॉमेट्स या वाद्यवृंदाने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणं १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केलं. डेका कंपनीने ते एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं. पहिल्या बाजूला दुसरंच गाणं होतं. तबकडी बेताचीच खपली आणि विषय तिथेच संपल्यासारखा झाला.

मार्च १९५५ मध्ये एमजीएमचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आला. शहरातल्या एका शाळेतली बेफाम मुलं आणि त्यांना आवरू पाहणारा शिक्षक, असा गंभीर विषय. चित्रपट संगीतप्रधान नव्हता, पण श्रेयनामावली सुरू होताना हेलीचं हेच गाणं वाजत होतं. घरातल्या छोट्या रेकॉर्ड प्लेअरवर मुलांनी ऐकलेला ठेका इथे चित्रपटगृहाच्या मोठ्या कर्ण्यांतून अंगावर आला. जुलैमध्ये ती वर्षभर जुनी तबकडी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली आणि आठ आठवडे तिथेच राहिली.

हॉलिवूडमधल्या बहुतेकांनी यातून ‘बंडखोर तरुणांचे चित्रपट चालतात’ एवढाच अर्थ काढला. सॅम कॅट्झमन या निर्मात्याला मात्र त्यापुढचं दिसलं. हा माणूस धारावाहिक साहसपट आणि जंगलपट झपाट्याने काढण्यासाठी प्रसिद्ध होता. ‘जंगल सॅम’ हे टोपणनावही त्याला त्यावरूनच पडलेलं. दोन मिनिटांच्या गाण्यासाठी मुलं तिकीट काढत असतील, तर चित्रपटभर तशीच गाणी का देऊ नयेत, असा त्याचा सरळ हिशोब होता. जानेवारी १९५६ मध्ये त्याने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ याच नावाच्या चित्रपटाचं चित्रण केलं. दिग्दर्शक होता फ्रेड सिअर्स. मार्चमध्ये ७७ मिनिटांचा हा चित्रपट कोलंबिया कंपनीतर्फे चित्रपटगृहांत लागलासुद्धा. खर्चाचा आकडा सुमारे ३ लाख डॉलर सांगितला जातो. हॉलिवूडच्या मानाने ही किरकोळ रक्कम होती आणि चित्रपटाने तिच्या कितीतरी पट कमाई केली.

प्रेक्षक कुठे गेले होते?

चित्रपट चालला हे ठीक, पण कॅट्झमनसारख्यांना एवढी मोकळी जागा मिळाली कशी? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९४८ पर्यंत हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या चित्रपट काढत, स्वतःच वाटत आणि स्वतःच्याच चित्रपटगृहांत दाखवत. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात ही साखळी बेकायदा ठरवली आणि कंपन्यांना आपली चित्रपटगृहं हळूहळू सोडावी लागली. वर्षभर पडदे भरलेले ठेवण्याची जबाबदारी गेली, तसे त्यांनी बिनीच्या चित्रपटाला जोडून दाखवायचे स्वस्त चित्रपट काढणं कमी केलं. त्याच सुमारास टीव्ही आला. १९५० मध्ये दर दहा अमेरिकी घरांपैकी जेमतेम एका घरात टीव्ही होता. १९५५ पर्यंत निम्म्याहून अधिक घरांत तो पोचला. आईवडील संध्याकाळी घरीच बसू लागले.

घरी बसायला तयार नव्हती ती मुलं. युद्धानंतरच्या सुबत्तेत त्यांच्या खिशात स्वतःचे पैसे खुळखुळत होते आणि अनेकांना गाडी चालवायला मिळत होती. आरसीए कंपनीने १९४९ मध्ये आणलेली ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी त्यांना परवडत होती. १९५४ च्या अखेरीस खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि घरातल्या मोठ्यांच्या नकळत गाणी ऐकायची सोय झाली. गाडीत बसूनच मोकळ्या मैदानातला पडदा पाहायची ‘ड्राइव्ह-इन’ चित्रपटगृहं १९५८ च्या सुमारास ४,००० च्या वर गेली होती. तिथे पडद्यावर काय चाललंय यापेक्षा घराबाहेर असण्याला जास्त महत्त्व होतं. अधूनमधून चांगलं गाणं लागलं, तर मुलांना आणखी काही नको असे.

थोडक्यात, मोठ्या कंपन्यांनी स्वस्त चित्रपटांचं दुकान आवरतं घेतलं, नेमक्या त्याच वेळी त्या दुकानाचं नवं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

चौकट: एका तिकिटात दोन चित्रपट
*त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. मुख्य चित्रपटाच्या निर्मात्याला तिकीटविक्रीचा ठरावीक टक्का मिळे. जोडीच्या चित्रपटाला मात्र फक्त ठरलेलं भाडं, मग गर्दी कितीही होवो. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीचे जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल अर्कॉफ यांनी यावर तोड काढली. दोन्ही चित्रपट आपलेच काढायचे, जोडी फोडायची नाही आणि पूर्ण टक्का घ्यायचा. फॅट्स डॉमिनो असलेला त्यांचा ‘शेक, रॅटल अँड रॉक!’ (१९५६) असाच ‘रनअवे डॉटर्स’ या चित्रपटाच्या जोडीने आला. त्यांच्याकडे आधी नाव सुचे, मग जाहिरातीचं चित्र तयार होई आणि ते वितरकांना पसंत पडलं की पटकथा लिहायला घेत.*

गजऱ्याचा दोरा

या चित्रपटांच्या कथा इतक्या सारख्या का असतात, हा प्रश्न दोन चित्रपट पाहिल्यावर कुणालाही पडतो. गजरा घेताना आपण फुलं बघतो, दोरा बघत नाही. दोरा फुलं धरून ठेवण्याइतका पक्का असला की झालं. या चित्रपटांत कथा तेवढंच काम करते.

‘रॉक अराउंड द क्लॉक’मध्ये एका वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाच्या लक्षात येतं की मोठ्या वाद्यवृंदांचा जमाना संपलाय. एका छोट्या शेतकरी गावात शनिवारच्या नाचाला तो पोचतो, तर तिथे बिल हेली वाजवतोय आणि सगळं गाव नाचतंय. तो त्यांना न्यूयॉर्कला घेऊन जातो, कार्यक्रम ठरवणाऱ्या संस्थेची मालकीण मत्सरापोटी आडवी येते, रेडिओवरचा एक लोकप्रिय निवेदक मदत करतो आणि शेवटी मोठा कार्यक्रम होतो. या कथेत गाण्यासाठी किती दारं उघडी ठेवली आहेत पाहा. गावातला नाच, सराव, परीक्षा म्हणून दिलेला कार्यक्रम, क्लब, अखेरचा जलसा. कुठेही दोन फुलं जास्त ओवा, दोरा तुटत नाही.

दुसरी हमखास कथा मोठ्या माणसांच्या विरोधाची. गावातले प्रतिष्ठित लोक म्हणतात, हे संगीत मुलांना बिघडवतं. मग मुलं सभ्यपणे कार्यक्रम करतात आणि मोठ्यांना त्यांच्याच तरुणपणातल्या नाचांची आठवण करून देतात. डिसेंबर १९५६ मध्ये आलेला कॅट्झमनचाच ‘डोंट नॉक द रॉक’ असा आहे. हा विषय निर्मात्यांना दुहेरी सोयीचा होता. मुलांना आपली बाजू पडद्यावर दिसत होती आणि चित्रपटगृहाच्या मालकाला, शहरातल्या वडीलधाऱ्यांना सांगता येत होतं की शेवट गोडच आहे.

आणि ‘रॉक, रॉक, रॉक!’ (१९५६)? त्याची कथा एवढीच की शाळेच्या वार्षिक नाचसमारंभासाठी एका मुलीला खांद्यावर पट्टे नसलेला गाऊन हवाय आणि वडील पैसे देत नाहीत. नायिका ट्यूसडे वेल्ड तेव्हा १३ वर्षांची होती. तिच्या तोंडची गाणी कॉनी फ्रान्सिस या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या मुलीने गायली. दोन वर्षांनी हीच कॉनी अमेरिकेतल्या आघाडीच्या गायिकांमध्ये गणली जाऊ लागली.

कॅट्झमनने तर १९६१ मध्ये ट्विस्ट नाचाची लाट येताच चबी चेकरला घेऊन ‘ट्विस्ट अराउंड द क्लॉक’ काढला. कथा पाच वर्षांपूर्वीचीच, दोरा तोच, फुलं नवी.

गाणं पडद्यावर कसं यायचं

आता वायर नसलेल्या गिटारकडे येऊ. आपल्याकडे पार्श्वगायनाची सवय असल्यामुळे हे चटकन कळेल. लता मंगेशकरांनी गायचं आणि नायिकेने ओठ हलवायचे, ही आपली पद्धत. या चित्रपटांत गायक स्वतःच्याच तबकडीवर ओठ हलवत असे. सेटवर कर्ण्यातून गाणं लावायचं, वाद्यवृंदाने वाजवल्याचा अभिनय करायचा आणि नंतर संकलनाच्या टेबलावर मूळ मुद्रण चित्रफितीला जोडायचं. गिटारमधून आवाज काढायचाच नसल्यावर वायर कशाला लागते?

यात बचत मोठी होती. सेटवर नवं ध्वनिमुद्रण करायचं तर तंत्रज्ञ, माइकची मांडणी, पुन्हा पुन्हा वाजवणं आणि वादकांचं मानधन, एवढं सगळं आलं. तयार तबकडी असली की ते वाचतं. शिवाय मुलांना तोच आवाज हवा होता जो त्यांनी घरी पन्नास वेळा ऐकला होता. गायकाने जरा वेगळं गायलं असतं तर त्यांचा विरसच झाला असता. तबकडी कंपनीलाही हे हवंच होतं. तीन मिनिटांची जाहिरात, तीही शेकडो गावांत, आणि बघणाऱ्याने पैसे देऊन पाहिलेली. म्हणून नामवंत कलाकार थोडक्या मोबदल्यात राजी होत. प्रत्येकाचं काम अगदी थोड्या वेळात आटपे. कथेतल्या नटांशी त्यांची गाठ पडायची गरजच नसे. ‘रॉक, रॉक, रॉक!’मध्ये तर नायिका घरात बसून टीव्हीवर कार्यक्रम पाहते आणि त्या टीव्हीच्या चौकटीत चक बेरी येतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी घेतलेली दृश्यं एकत्र आणायला याहून सोपी युक्ती नाही. मुलंमुली आणि गायक एका चौकटीत क्वचित दिसतात, त्यामागचं कारण हेच.

पण आज त्या दृश्यांचं मोल वाढवणारी गोष्टही इथेच आहे. मोठ्या बजेटच्या संगीतपटात नृत्यदिग्दर्शक असतो, नेपथ्य असतं, क्रेनवर चढवलेला कॅमेरा असतो आणि कलाकाराला चित्रपटाच्या शिस्तीत बसवलं जातं. इथे बसवायला वेळच नव्हता. कॅमेरा समोर ठेवायचा आणि ‘तुम्ही नेहमी करता तसं करा’ म्हणायचं. म्हणून चक बेरीची ती वाकून, एक पाय पुढे टाकत जाणारी बदकचाल आपल्याला अखंड दिसते. आवाज तबकडीचा असला, तरी शरीर खरं आहे.

या सगळ्यात आणखी एक माणूस हटकून भेटतो, अ‍ॅलन फ्रीड. क्लीव्हलँडच्या रेडिओवर कृष्णवर्णीय कलाकारांचं ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ संगीत गोऱ्या मुलांपर्यंत नेणारा आणि ‘रॉक अँड रोल’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवणारा हा निवेदक. १९५४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि पुढे अशा पाच चित्रपटांत स्वतःच्याच भूमिकेत दिसला. निर्मात्यांना त्याचा उपयोग उघड होता. फ्रीडच्या ओळखीने कलाकार मिळत आणि रेडिओवरून चित्रपटाची चर्चा होई. ‘जॅम्बोरी’ (१९५७) या चित्रपटात तर अनेक शहरांतले रेडिओ निवेदक एकेका गाण्याची ओळख करून देतात. आपला आवाज आणि चेहरा पडद्यावर आल्यावर कुठला निवेदक त्या चित्रपटाबद्दल गप्प बसेल?

मंचावर कोण, खुर्चीत कोण

या चित्रपटांत कृष्णवर्णीय कलाकार भरपूर आहेत: द प्लॅटर्स, लॅव्हर्न बेकर, फ्रँकी लायमन, लिटल रिचर्ड. पण ते जवळजवळ नेहमी मंचावरच असतात. कथेतली मुलंमुली, त्यांचे आईवडील, प्रेमात पडणारी जोडी सगळी गोरी. यामागे हॉलिवूडची जुनी सवय होती. १९४० च्या दशकात एमजीएमच्या संगीतपटांत लीना हॉर्नची गाणी कथेपासून सुटी ठेवली जात, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत तेवढा भाग कापून चित्रपट दाखवता येई.

तरीही जे पडद्यावर आलं ते त्या काळात लहान नव्हतं. एकाच कार्यक्रमात गोरे आणि काळे कलाकार एकापाठोपाठ गात होते, आणि गोरी मुलं दोघांनाही सारख्याच टाळ्या देत होती. प्रत्यक्षात ही रेघ ओलांडणं किती महाग पडे, याचं उदाहरण फ्रीडच्याच टीव्ही कार्यक्रमाचं आहे. १९५७ मध्ये त्याच्या ‘द बिग बीट’ कार्यक्रमात कोवळ्या फ्रँकी लायमनने एका गोऱ्या मुलीबरोबर नाच केला. दक्षिणेतल्या केंद्रांनी गदारोळ केला आणि कार्यक्रम बंद पडला. या पार्श्वभूमीवर ‘गो, जॉनी, गो!’ (१९५९) मध्ये चक बेरी नुसता गाऊन जात नाही, तर फ्रीडचा मित्र म्हणून बरोबरीने बोलतो, सल्ला देतो, हे पाहायला मला आजही फार आवडतं.

समुद्रापलीकडचे विद्यार्थी

ब्रिटनमध्ये या चित्रपटांचं महत्त्व अमेरिकेपेक्षा वेगळं होतं. तिथल्या मुलांना हे कलाकार प्रत्यक्ष पाहायला मिळणं दुर्मीळ. सप्टेंबर १९५६ मध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’ तिथल्या चित्रपटगृहांत चालू असताना मुलं खुर्च्यांमधल्या वाटांवर नाचू लागली, काही ठिकाणी मोडतोड झाली, पोलीस आले आणि अनेक नगरपालिकांनी चित्रपटावर बंदी घातली. बातम्यांनी गोंधळच रंगवला. पण गर्दीत अशीही मुलं होती, जी गिटारवादकाची बोटं टक लावून पाहत होती. तबकडीवरून सूर कळतो, पण हात कुठे ठेवायचा ते पडद्यावरच दिसतं. फॉक्स कंपनीचा ‘द गर्ल कांट हेल्प इट’ (१९५६) हा खर्चिक आणि रंगीत, म्हणजे या जातकुळीतला श्रीमंत भाऊ. त्यात एडी कॉक्रनने ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ गायलं होतं. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा जॉन लेननला भेटला, तेव्हा आपली तयारी दाखवायला त्याने हेच गाणं वाजवलं होतं.

मुंबईला ही लाट चित्रपट आणि तबकड्यांमधून पोचली, आणि ती झेलायला इथे माणसं तयार होती. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, पाश्चात्त्य ठेके आधीपासून वापरत होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) तर गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद एका गाण्यात प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. १९५७ च्या ‘आशा’मधल्या ‘ईना मीना डीका’त सी. रामचंद्रांनी रॉक अँड रोलचा जोश मराठी माणसाच्या सहजतेने उतरवला. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये टेड लायन्स यांचा मुंबईचाच वाद्यवृंद काळे मुखवटे लावून क्लबच्या मंचावर आला. आवाज मात्र मोहम्मद रफींचा.

लाट ओसरली, पद्धत राहिली

१९५९ संपेपर्यंत पहिली पिढी विखुरली होती. लिटल रिचर्ड धर्मकार्याकडे वळला होता, एल्व्हिस प्रेस्ली सैन्यात होता, ३ फेब्रुवारी १९५९ च्या विमान अपघातात बडी हॉली आणि रिची व्हॅलेन्स गेले होते. पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणात फ्रीडची नोकरी गेली. निर्माते समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रेमकथांकडे वळले.

पण स्वस्तात, झटपट आणि गाण्यांच्या खपावर डोळा ठेवून चित्रपट काढायची पद्धत संपली नाही. ‘रॉक, रॉक, रॉक!’चे निर्माते मॅक्स रोझेनबर्ग आणि मिल्टन सुबोत्स्की पुढे ब्रिटनमध्ये स्थिरावले. सुबोत्स्कीने १९६२ मध्ये ‘इट्स ट्रॅड, डॅड!’ हा तशाच धाटणीचा संगीतपट काढला आणि तो रिचर्ड लेस्टर नावाच्या तरुणाकडे सोपवला. लेस्टरने त्या ठरीव कथेत कॅमेऱ्याच्या करामती भरल्या. दोन वर्षांनी युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला बीटल्सच्या गाण्यांच्या तबकडीचे हक्क हवे होते आणि त्यासाठी एक कमी खर्चाचा कृष्णधवल चित्रपट काढणं परवडणार होतं. दिग्दर्शन लेस्टरकडे आलं. मार्च-एप्रिलमध्ये चित्रण झालं आणि जुलै १९६४ मध्ये ‘अ हार्ड डेज नाइट’ लागला. आज त्याची गणना उत्तम संगीतपटांत होते.

या चित्रपटांची ओळख करून घ्यायची असेल, तर कथेकडून फार अपेक्षा न ठेवता ‘रॉक, रॉक, रॉक!’पासून सुरुवात करा आणि मग ‘गो, जॉनी, गो!’ पाहा. रिची व्हॅलेन्सने आयुष्यात केलेला हा एकमेव चित्रपट. तो लोकांसमोर आला तेव्हा १७ वर्षांच्या रिचीला जाऊन काही महिने झाले होते.